आधी ससे मोजा : आंदुहारच्या डोंगरातले चार दिवस

दिवस पहिला

कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत होते तेव्हा मार्जारकुळाच्या तासाला फळ्यावर एक ओळ हमखास लिहायचे : ‘आयबेरियन लिंक्स – जगातलं सर्वांत धोक्यात असलेलं रानमांजर.’ मुलं ती वहीत उतरवून घ्यायची, पेपरात लिहायची. तेव्हा ती खरीच होती. २००२ साली स्पेनमध्ये मोजदाद झाली, तेव्हा ९४ लिंक्स उरले होते आणि तेही दोनच ठिकाणी. एक म्हणजे दक्षिणेचं दोन्यानाचं पाणथळ रान आणि दुसरं सिएर्रा मोरेनाच्या डोंगररांगेतला आंदुहारचा टापू. शेजारच्या पोर्तुगालात तर त्याचा मागमूसही लागला नव्हता. २०२४च्या मोजणीत दोन्ही देशांत मिळून २,४०१ लिंक्स नोंदले गेले. त्याच वर्षी जागतिक धोकायादीतली त्याची पायरी ‘संकटग्रस्त’वरून ‘असुरक्षित’वर आली. माझी फळ्यावरची ओळ खोडावी लागली. आयुष्यभर शिकवलेली एखादी गोष्ट खोटी ठरावी आणि त्याचा एवढा आनंद व्हावा, असं दुसऱ्यांदा घडेलसं वाटत नाही.

लेक आणि जावई माद्रिदला नोकरीला आहेत. जानेवारीत त्यांच्याकडे गेले होते. लेक म्हणाली, “आई, चार दिवस सुट्टी काढते, आंदुहारला जाऊ. पण दिसला नाही तर हिरमुसायचं नाही, आधीच सांगते.” जानेवारी तिने मुद्दाम निवडला होता. डिसेंबर ते फेब्रुवारी हा लिंक्सच्या जोड्या जमायचा काळ. एरवी झुडपात दडून राहणारं हे जनावर या दिवसांत भर उजेडात हिंडतं, आवाज देतं, आपली हद्द आखतं. उन्हाळ्यात तिकडची दुपार चाळिशी ओलांडते, तेव्हा ते पहाटे आणि रात्रीच बाहेर पडतं.

सकाळी नऊला निघालो तेव्हा सूर्य नुकताच वर आला होता. ला मांचाचं पठार म्हणजे मैलोन्‌मैल छाटलेल्या द्राक्षवेली आणि लाल माती. मग देस्पेन्यापेर्रोसची खिंड लागते. इथून स्पेनचा दक्षिण भाग, अंदालुसिया, सुरू होतो. खिंड संपता संपता सांता एलेना नावाचं गाव आहे, त्याच्या बाजूला ला ओलिविया हे लिंक्सचं प्रजनन केंद्र. ते कुणाला आत जाऊन बघता येत नाही, आणि तेच बरोबर आहे. तिथल्या पिल्लांना माणसाची सवय लागू नये म्हणून सगळी देखरेख कॅमेऱ्यांवरून होते आणि शिकार शिकावी म्हणून जिवंत ससे सोडले जातात. जावयांनी गाडी थोडी हळू केली. रस्त्यावरून काही म्हणजे काही दिसलं नाही, तरी मी त्या दिशेला बघत राहिले.

पुढे हाएन प्रांत आणि ऑलिव्ह. या एका प्रांतात ऑलिव्हची सहा कोटींहून जास्त झाडं आहेत असं वाचलं होतं, पण वाचणं वेगळं. टेकडी संपली की दुसरी टेकडी, आणि सगळीवर एकाच मापाने आखलेल्या ओळी. आपल्याकडे सांगली-कोल्हापूरच्या वाटेवर ऊस जसा दुसरं काही दिसू देत नाही, तसं. इतक्या एकसारख्या शेतीत रानमांजराला जागा कुठली, असं मनात येत होतं, तोच आंदुहार गाव मागे पडलं, रस्ता चढाला लागला आणि दहा मिनिटांत ऑलिव्ह संपून ओकची झाडी सुरू झाली.

मुक्कामाच्या घरी संध्याकाळी आमचा वाटाड्या भेटायला आला. पन्नाशीचा, रापलेला, कमी बोलणारा. लेक दुभाषी. मला वाटलं, तो उद्याचं वेळापत्रक सांगेल. त्याने पहिला प्रश्न विचारला तो असा : “वर येताना ससे किती दिसले?” आम्ही तिघं एकमेकांकडे बघत राहिलो. कुणीच बघितलं नव्हतं. तो म्हणाला, “उद्यापासून आधी ससे मोजा. लिंक्स मग बघू.”

मी वहीत तारीख घालून लिहिलं : ससे – नोंद नाही.

दिवस दुसरा

सकाळी आठला ला लांचाच्या कच्च्या रस्त्यावर होतो, तेव्हा पूर्ण अंधार होता. गाडीतला थर्मामीटर दोन अंश दाखवत होता. हा रस्ता खासगी रानांमधून हांदुला नदीच्या धरणापर्यंत जातो आणि वाटेत जिथे जागा मिळेल तिथे लोक तिवया लावून, समोरच्या उतारावर दुर्बिणी रोखून उभे असतात. कुणी मोठ्याने बोलत नाही. रस्ता सोडून आत पाऊल टाकायचं नाही, कुंपणापलीकडे झुंजीचे काळे वळू चरत असतात.

उजेड फुटला तसं रान उलगडत गेलं. कातळाचे गोल, प्रचंड धोंडे, त्यांच्या बेचक्यांत वाढलेले सदाहरित ओक, खाली गवत, मध्ये मध्ये मस्तकीची आणि ‘हारा’ नावाच्या चिकट पानांच्या झुडपांची गचपणं. हाराचं पान चुरगळलं तर बोटाला डिंक चिकटतो आणि वास दुपारपर्यंत जात नाही. झाडं अंतराअंतरावर राखून खाली गुरं चारायच्या अशा रानाला इथे ‘देएसा’ म्हणतात. दिसायला रानटी, पण शेकडो वर्षांच्या कुऱ्हाडीने आणि चरणीने घडलेलं. लिंक्सला हवं ते सगळं यात आहे : लपायला झुडूप, विणीला कातळाची कपार, आणि शेजारी उघडं गवत, जिथे ससे चरायला येतात.

सिएर्रा दे आंदुहारचं हे संरक्षित रान १९८९ साली जाहीर झालं, क्षेत्र सुमारे ७४,००० हेक्टर. पण यातली बरीचशी जमीन खासगी मालकीची आहे. हरणांच्या शिकारीसाठी राखलेली मोठमोठी रानं, त्यांना ‘फिंका’ म्हणतात. म्हणजे ताडोबासारखा एक फाटक, एक वनखातं, असा प्रकार नाही. इथे लिंक्स वाचवायचा तर एकेका मालकाच्या दारात जावं लागलं.

पहिल्या दोन तासांत सांबराच्या कुळातली लाल हरणं दिसली, फॅलो हरणांचा एक कळप दिसला, दूरवर काळं गिधाड तरंगताना दिसलं. ससे मी मोजत होते : अकरा. हे आपले ससे नव्हेत, हे आधी सांगायला हवं. मराठीत आपण दोघांनाही ससाच म्हणतो, पण आपला रानससा उघड्यावर, गवतात खळगा करून राहतो, पिल्लं जन्मतःच डोळे उघडी आणि केसाळ असतात. युरोपचा हा ससा बिळं खोदतो, गटाने राहतो आणि पिल्लं जमिनीखाली आंधळी, उघडीवाघडी जन्मतात. त्याचं मूळ घर इथलंच, आयबेरियाचं, म्हणजे स्पेन-पोर्तुगालच्या द्वीपकल्पाचं. ‘हिस्पानिया’ हे स्पेनचं जुनं नावच सशांवरून पडलं असं एक जुनं मत आहे.

लिंक्सच्या खाण्यात दहापैकी आठ-नऊ घास या सशाचे असतात. मोठ्या लिंक्सला दिवसाला साधारण एक ससा लागतो, पिल्लं असलेल्या मादीला तीन. तितर, बदकं, हरणाचं पाडस हे सगळं अडीनडीचं. बिबट्या जसा कुत्रा, डुक्कर, कोंबडी, मिळेल त्यावर भागवतो आणि म्हणून उसाच्या फडातही संसार थाटतो, तसं या मांजराचं नाही. शरीर, पिल्लांची संख्या, हद्दीचा पसारा, सगळं एका सशाच्या मापाने कापलेलं.

आणि त्या सशावरच घाला आला. १९५२ साली फ्रान्समधल्या एका निवृत्त डॉक्टरने आपल्या मळ्यातले ससे कमी करायला मिक्सोमॅटोसिस या सशांच्या जीवघेण्या रोगाचा विषाणू मागवला आणि दोन सशांना टोचला. मळ्याला भिंत होती. विषाणूला भिंत कुठली! एकदोन वर्षांत फ्रान्सभर ससे मेले, रोग पिरनीज पर्वत ओलांडून स्पेनमध्ये उतरला. सशांच्या पुढच्या पिढ्या जेमतेम सावरत होत्या, तोच १९८८च्या सुमारास दुसरा रोग आला, रक्तस्रावाचा, चीनमध्ये चार वर्षांपूर्वी प्रथम सापडलेला. २०११ नंतर त्याचाही नवा अवतार आला. प्रत्येक लाटेत ससे गेले आणि मागोमाग लिंक्स गेले. मी वर्गात ‘अधिवासाचा नाश’ असं एका शब्दात सांगून मोकळी व्हायचे. एका माणसाने आपल्या मळ्यात दोन सशांना सुई टोचली, ही गोष्ट सांगितली असती तर पोरांच्या जन्मभर लक्षात राहिली असती.

दुपारी धरणाकडे उतरलो. हांदुलाचं धरण १९३०च्या आसपासचं, शेजारच्या बोगद्यात वटवाघळांची वस्ती आहे आणि कडेच्या खडकांवर रानबोकड चढलेले दिसतात. वटवाघळं बघण्यात अर्धा तास गेला. परत वर आलो तर उभ्या असलेल्या एका जोडप्याने खुणेने सांगितलं, वीस मिनिटांपूर्वी एक नर समोरचा उतार ओलांडून गेला. त्यांनी कॅमेऱ्यातलं चित्र दाखवलं. मी ते नीट बघितलं नाही. मला तो पहिल्यांदा कुणाच्या पडद्यावर बघायचा नव्हता.

संध्याकाळपर्यंत उभे राहिलो. सव्वासहाला सूर्य गेला. वहीत : ससे – १९, लिंक्स – नाही.

दिवस तिसरा

या दिवसाबद्दल सगळंच लिहायचं आहे.

सकाळी वाटाड्याने जागा बदलली. रस्त्याच्या एका वळणावर, समोर दीडशे मीटरवर गवताळ खांड, वर तीन मोठे धोंडे, डाव्या हाताला मस्तकीचं दाट झुडूप. त्याने तिवई लावली आणि दुर्बिणीकडे पाठ करून ऐकत उभा राहिला. साडेनऊच्या सुमाराला निळ्या पंखांचे मॅगपाय ओरडायला लागले. हे पक्षी आपल्या टकाचोराचे भाऊबंद, तसेच टोळीने फिरणारे, तसेच भांडकुदळ. आधी एक, मग सात-आठ, सगळे त्या मस्तकीच्या झुडपावर, खाली माना घालून. मला एकदम ताडोबातली माकडं आठवली, वाघ दिसला की खोकणारी. भाषा निराळी, निरोप तोच. वाटाड्या हळूच म्हणाला, “लिन्से.”

पाच मिनिटं काही नाही. ससे मात्र चरायचे थांबले होते. एका सशाने मागचा पाय जमिनीवर आपटला, तो आवाज आमच्यापर्यंत आला नाही, पण पाय आपटलेला दुर्बिणीतून स्पष्ट दिसला. चार ससे बिळात गेले. दोन तिथेच राहिले.

मग झुडपाच्या कडेला गवताचा एक तुकडा हलला, आणि तो गवताचा तुकडा नव्हता.

मादी होती. आकाराने आपल्या गावठी कुत्र्याहून थोडी लहान, पण पाय उंच, मागचे पाय पुढच्यांहून लांब, त्यामुळे पाठ पुढे उतरती वाटते. वजन नऊ-दहा किलो असेल, नर बारा-तेरापर्यंत जातो. पिवळसर-तपकिरी अंगावर काळे ठिपके, असे दाट आणि गडद की सकाळच्या तिरप्या उन्हात झुडपाची सावली आणि ती वेगळी करता येईना. गालांवरून खाली लोंबणारे कल्ले, पांढरे, मध्ये काळी रेघ. कानांच्या टोकांना काळे झुपके. शेपूट वीतभर, टोकाला काळं, जणू कुणी कापून टाकलेलं. हा ठिपक्यांचा नक्षा प्रत्येक लिंक्सचा वेगळा असतो आणि कॅमेऱ्यात आलेली चित्रं त्यावरूनच जुळवतात. मोजणी होते ती अशी.

कानांचे झुपके बघून आपल्या शशकर्णाची, म्हणजे कॅरॅकल या रानमांजराची आठवण येणं साहजिक आहे. पूर्वी त्यालाही लिंक्सच समजत, पण नातं नाही. शशकर्ण आफ्रिकेतल्या सर्व्हल या रानमांजराचा आणि तिथल्याच सोनमांजराचा जवळचा. आपल्या देशात तो आता राजस्थान आणि कच्छच्या तुकड्यांपुरता उरलाय, २०२१ साली त्याला केंद्राच्या अतिसंकटग्रस्त प्राण्यांच्या पुनरुज्जीवन योजनेत घेतलं. कधीकाळी दूरवर पसरलेलं मांजर आणि कधीकाळी ९४ उरलेलं मांजर. समोर दुसरं उभं होतं आणि मला पहिल्याची काळजी लागली होती.

ती बसली. पाठ करून बसली, आमच्याकडे नाही, सशांकडेही नाही. मॅगपाय ओरडून ओरडून कंटाळले आणि उडून गेले. मला वाटलं, संपलं, सशांना कळलंय, आता ही कशाला थांबते. वाटाड्याने बोट वर केलं : थांबा. तिला घाई नव्हती. मॅगपाय जाण्याचीच ती वाट बघत होती, असं मी खात्रीने म्हणू शकत नाही, पण ते गेल्यावर ती हलली हे खरं. पोट गवताला टेकवून, एक पंजा उचलून, तो ठेवायला चार-पाच सेकंद घेऊन. एका सशाने मान वर केली की ती तशीच गोठायची, पंजा अधांतरी. पुन्हा मान खाली, पुन्हा एक पाऊल. धोंड्याच्या आडोशापर्यंत यायला तिला बावीस मिनिटं लागली. मी घड्याळ लावलं होतं.

शेवटचा भाग दोन सेकंदांचाही नव्हता. तीन उड्या. पहिली लांब, दुसरी तिरकी, कारण ससा वळला, तिसरी सरळ वरून. मागच्या पायांची ती लांबी कशासाठी असते ते तेव्हा कळलं. मानगुटीत चावा, आणि ससा लोंबकळला. ती क्षणभर उभी राहिली, तोंडात ससा, बाजूला बघत. लेक माझा दंड घट्ट धरून उभी होती, तिचं तिला भान नव्हतं.

मादी झुडपाकडे निघाली तेव्हा तिला अडवायला तिथे दुसरा उभा होता. नर, मोठा, गळ्यात कॉलर, कल्ले तिच्याहून दुप्पट भरदार. तिने ससा खाली ठेवला नाही. कान मागे पाडले आणि घशातून खर्जातला एक आवाज काढला, तेवढाच. नर बाजूला झाला. मग तो वळला, मस्तकीच्या एका फांदीला गाल घासला, एकदा डावा, एकदा उजवा, पाठ फिरवली, आखूड शेपूट वर केली आणि झुडपावर मूत्राची फवारणी केली. सगळं निवांत, दारावर पाटी लावावी तसं. मादी सशासकट आत गेली. तो धोंड्यावर चढून उन्हात बसला आणि डोळे मिटले. एरवी हे प्राणी एकएकटे राहतात. नराच्या हद्दीत एक किंवा जास्त माद्यांच्या हद्दी येतात, पण भेटीगाठी होतात त्या या काही दिवसांपुरत्या. सुमारे नऊ आठवड्यांनी, मार्च-एप्रिलमध्ये, कपारीत किंवा पोकळ बुंध्यात दोन-तीन पिल्लं होतील आणि ती मादी एकटीच वाढवील.

पिल्लांबद्दल एक गोष्ट इथेच सांगते. २००५च्या मार्चमध्ये दोन्यानाजवळच्या एल आसेबुचे केंद्रात सालिएगा नावाच्या मादीला तीन पिल्लं झाली. बंदिवासात जन्मलेली ही या जातीची पहिलीच पिल्लं, साऱ्या देशाचं लक्ष लागलेलं. दीड महिन्याची झाली आणि एके दिवशी भावंडांत अशी जुंपली की एक पिल्लू मेलं. काळजी घेण्यात कसूर झाली असं आधी वाटलं. पुढे लक्षात आलं की सहा-सात आठवड्यांच्या वयात या पिल्लांत अशी जीवघेणी भांडणं होतातच, हा त्यांच्या वाढीचाच भाग आहे. तेव्हापासून त्या दिवसांत चोवीस तास पहारा असतो आणि वेळ आली तर पिल्लं वेगळी करतात. त्या पहिल्या पिल्लाने जे शिकवलं त्यावर नंतरची कितीतरी जगली.

दुपारी वाटाड्या आम्हाला ओळखीच्या एका फिंकेवर घेऊन गेला, मालकाची परवानगी काढून. तिथे बघायला होती सशांची घरं. दगडांचा ढीग, त्यात लाकडी फळ्यांचे कप्पे, वरून माती आणि फांद्या, भोवती जाळी, जाळीला खाली सशापुरत्या फटी. याला ‘माहानो’ म्हणतात. मी गुडघ्यावर बसून एका फटीत डोकावले. आत अंधार, ओल्या मातीचा आणि गवताचा वास, आणि फटीच्या तोंडाशी ताज्या लेंड्या, वाटाण्याएवढ्या, गोल. फटीच्या कडेला जाळीच्या तारेत करडे केस अडकलेले. केस मी काढून हातावर घेतले. वजनच नव्हतं त्यांना. हे एवढंसं, आणि याच्यावर ते सकाळचं जनावर उभं आहे.

अशी शेकडो घरं या डोंगरात बांधली गेली, मालकांशी करार झाले, सशांची शिकार थांबवली, टंचाईत चाराही पुरवला. २००९पासून नव्या ठिकाणी लिंक्स सोडायला सुरुवात झाली, २०११पासून बंदिवासात वाढलेलेही सोडले गेले. पण कुठेही सोडण्याआधी तिथले ससे मोजले जातात. ससे पुरेसे नसतील तर जागा बाद. वाटाड्याचा तो पहिल्या संध्याकाळचा प्रश्न आता समजला.

मालक वयस्क गृहस्थ. लेकीने विचारलं, लिंक्समुळे ससे कमी होत नाहीत का? ते म्हणाले, आधी आम्हालाही तसंच वाटायचं. पण लिंक्स आपल्या हद्दीत कोल्हा आणि मुंगूस टिकू देत नाही, आणि सशांचा खरा फडशा ते दोघे पाडतात. दोन्यानात यावर अभ्यास झाला होता, १९९५ साली तो प्रसिद्ध झाला. निष्कर्ष नेमका हाच होता : जिथे लिंक्स आहे तिथे ससे जास्त. मी तो वाचला होता. शेतात उभं राहून मालकाच्या तोंडून ऐकणं वेगळं.

परतताना वाटाड्या पहिल्यांदा स्वतःहून बोलला. त्याचे आजोबा अशाच एका रानाचे राखणदार होते. १९५३च्या सरकारी हुकुमाने ‘उपद्रवी जनावरं’ मारण्यासाठी मंडळं नेमली गेली, मारलेल्या जनावरामागे बक्षीस मिळे. कोल्हा, गरुड, रानमांजर, लिंक्स, सगळे त्या एका शब्दात. आजोबा सापळे लावायचे, त्यात गैर काही आहे असं कुणाला वाटत नव्हतं, घरात पैसे यायचे. १९७३ साली लिंक्सला कायद्याचं संरक्षण मिळालं. “आजोबांना माझं काम कळलं नाही,” तो म्हणाला. “म्हणायचे, बघण्याचे पैसे कोण देतं?” मग बराच वेळ गप्प राहून तो म्हणाला की माग काढायला मात्र त्यांनीच शिकवलं.

दोन वाटा मिळतात तिथे त्याने गाडी थांबवली आणि दगडावरची विष्ठा दाखवली. लिंक्स ती पुरत नाहीत, अशा तिठ्यांवर एकाच जागी पुन्हा पुन्हा टाकतात, येणाऱ्याजाणाऱ्याला कळावं म्हणून. काडीने फोडली. आत करडे केस आणि एक बारीक दात, सशाचा.

वहीत : ससे – ३१. लिंक्स – दोन. नर १, मादी १.

दिवस चौथा

धुकं. ग्वादालकिवीरच्या खोऱ्यातून वर चढलेलं, दहा हातांवरचा ओकही दिसेना. निघायचं दुपारी होतं, तरी सकाळी गेलोच. तिवया कुणी लावल्या नव्हत्या, रस्ता रिकामा. आम्ही कालच्याच वळणावर गाडी लावून काचा खाली केल्या.

वर डोंगरमाथ्यावर कुमारी मातेचं देऊळ आहे. एप्रिलच्या शेवटच्या रविवारी तिथे मोठी जत्रा भरते, लोक घोड्यांवरून आणि पायी येतात. काल संध्याकाळी त्याचा मनोरा दिसला होता. आज नुसती घंटा ऐकू आली, कुठल्या बाजूने ते कळेना.

मग दुसरा आवाज आला. खरखरीत, तुटक, मांजराच्या म्याँवहून खोल, एकामागून एक सहा-सात वेळा, आणि थांबला. मिनिटभराने खालच्या अंगाने त्याला उत्तर आलं, थोडं बारीक. वरचा आवाज सरकत होता. दोन्ही आवाज जवळ जवळ येत गेले, एकदा तर रस्त्याला लागूनच वाटले, आणि मग फक्त धुकं. अर्धा तास वाट बघितली. जावई हळूच म्हणाले, “आई, निघूया का?” मी आणखी दहा मिनिटं मागितली आणि त्यांनी दिली.

खाली उतरताना हमरस्त्याआधी लिंक्सचं चित्र असलेली पाटी आहे, वेग कमी करा म्हणून. आता या जनावराचा मोठा काळ म्हणजे गाडी. संख्या वाढली तशी तरणी लिंक्स नव्या हद्दीच्या शोधात बाहेर पडतात, आणि प्रत्येक दिशेला डांबरी रस्ता आडवा येतो. काही ठिकाणी रस्त्याखालून वाटा काढल्यात, कडेला जाळ्या लावल्यात. पण रस्ते फार आहेत. सशांचंही सगळं आलबेल नाही. मूळ घरातच हा ससा २०१९पासून ‘संकटग्रस्त’ यादीत आहे, आणि गंमत नाही, खरी अडचण अशी की काही भागांत तोच शेतं खातो म्हणून शेतकरी वैतागलेले आहेत. शेतात नको इतका, डोंगरात हवा तितका नाही.

घरी आपल्याकडे ऊसतोडीच्या वेळी फडात वाघाटीची पिल्लं सापडतात. तळहातावर मावणारी, ठिपक्यांची, जगातल्या सर्वांत लहान मांजरांपैकी एक. लोक बिबट्याची समजून घाबरतात, कधी वनखात्याला कळवतात, आणि जुन्नरकडे ती पुन्हा आईशी भेटवून दिल्याच्या घटना आहेत. ती मांजरं फडात काय खातात, किती उंदीर लागतात त्यांना दिवसाला, हे मी तीस वर्षांत एकाही विद्यार्थ्याला विचारलं नाही. गाडीत बसल्या बसल्या दोन जुन्या विद्यार्थ्यांना फोन केले, दोघेही वनखात्यात आहेत. एकाने उचलला. वीस मिनिटं उंदरांबद्दल बोललो.

खिंडीच्या अलीकडे कॉफीला थांबलो तेव्हा वही काढली. चौथा दिवस. ससे – ४, सगळे रस्त्याच्या कडेला, धुक्यात. लिंक्स – दोन, आवाज फक्त, सकाळी नऊ पाच ते नऊ बावीस.